आयाळ हा शब्द आला कुठून?

नमस्कार श्रोतेहो. घोड्याच्या आणि सिंहाच्या मानेवर वाढणाऱ्या लांब केसांना आपण आयाळ म्हणतो. शाळेच्या पुस्तकात हा शब्द बहुधा सिंहासोबत भेटतो, म्हणून तो संस्कृतातला असावा असं पुष्कळांना वाटतं. पण आयाळ मराठीत आली ती घोड्याबरोबर.

फारसीत 'याल' म्हणजे मान आणि मानेवरचे केसही. तुर्की घराण्यातल्या भाषांतही हा शब्द आहे; आजच्या तुर्कीत 'येले' म्हणतात. हिंदीनं तो 'अयाल' असा घेतला, मराठीत शेवटच्या ल-चा ळ झाला. त्याच्या आसपासचे शब्द आठवून पाहा: लगाम, जीन, खोगीर, रिकीब, नाल, चाबूक, पागा, तबेला. सगळे फारसी, किंवा अरबीतून फारसीमार्गे आलेले. लढाईचा चांगला घोडा दख्खनमध्ये निपजत नसे, तो अरबस्तान आणि इराणकडून गलबतांतून आणावा लागे. या व्यापाराचं एक मोठं बंदर म्हणजे आपलं गोवा. होर्मुझहून आलेले घोडे इथं उतरत आणि घाट चढून विजयनगरला नि बहामनी मुलखात जात. १५१० मध्ये आफोंसो द अल्बुकर्कनं गोवा घेतलं, त्यामागे या व्यापारावरचा डोळाही होता. बहामनी दरबाराची भाषा फारसी. घोडा आला, त्याचा सरंजाम आला आणि नावंही आली.

मग आधी शब्द नव्हता का? होता, आणि फार देखणा होता. संस्कृतात 'केसर' आणि 'सटा'. नृसिंहाच्या वर्णनात सटा हटकून येते. वेलिंगच्या लक्ष्मीनृसिंहाला जाणाऱ्यांच्या कानावर स्तोत्रांतून ती पडलीही असेल. केसर म्हणजे केस, तंतू. तो ज्याला आहे तो केसरी, म्हणजे सिंह. फुलातले तंतूही केसरच, आणि त्यावरूनच केशर. म्हणून सिंह या अर्थी 'केसरी' आणि रंगासाठी 'केशरी' हे दोन्ही एकाच मुळाचे, पण लिहिताना त्यांची अदलाबदल करू नये.

मला यात सगळ्यांत मोलाची वाटते ती आपली 'मान'. संस्कृत 'मन्या' म्हणजे मानेचा मागचा भाग. आयुर्वेदात मान आखडण्याला मन्यास्तंभ म्हणतात. मन्यापासून मराठी मान झाली. इंग्रजीत आयाळीला 'मेन' म्हणतात, तो शब्दही याच प्राचीन मुळाचा. तिकडे मानेचं नाव सरकत केसांवर गेलं, फारसी 'याल'मध्ये दोन्ही अर्थ एकत्र नांदले, आपल्याकडे मान मानेवरच राहिली. पोर्तुगीज शिकलेल्या घरांत आणखी एक भेद ठाऊक असेल: घोड्याची ती 'क्रीना', सिंहाची ती 'जूबा'.

हा भेद डोळ्यांनाही दिसतो. घोड्याची आयाळ कानांमागून सुरू होऊन मानेच्या वरच्या कडेनं खांद्यापर्यंत जाते आणि बहुधा एका बाजूला पडते. झेब्र्याची ताठ उभी राहते. सिंहाची चेहऱ्याभोवती, गळ्यावर, छातीपर्यंत पसरते, आणि ती नराचीच खूण. साधारण वर्षभराच्या वयापासून ती फुटू लागते, भरायला आणखी चारेक वर्षं लागतात. ती नर-संप्रेरकावर वाढते, त्यामुळे खच्ची केलेल्या सिंहाची आयाळ झडते. गीरच्या सिंहाची आयाळ आफ्रिकेतल्या सिंहापेक्षा विरळ असते, डोक्यावरून कान स्पष्ट दिसतात. चित्रकारांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. आपल्याकडच्या सिंहाला आफ्रिकेची दाट आयाळ चढवलेली फार वेळा दिसते.

आता वापराचं. शब्द स्त्रीलिंगी आहे: ती आयाळ, आयाळीचे केस, आयाळीत अडकलेलं गवत. 'आयाळाचे केस' हे चूक. अकारान्त पुल्लिंगी शब्दांच्या ओघात तसं तोंडात येतं. उर्दू-हिंदीत बायकापोरं, कुटुंबकबिला या अर्थी एक 'अयाल' आहे, पण तो अरबीतला, अगदी वेगळा शब्द. जुनी गझल ऐकताना तिथं घोडा शोधू नये.