भिंत कुठे, बॉर्डर कुठे : मॉडेल स्पेस आणि पेपर स्पेस

(आर्किटेक्चर आणि ड्राफ्ट्समन अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

ऑफिसात नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिल्या आठवड्यातच ऑटोकॅडबद्दल, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल, एक प्रश्न येतो. "सर, डायमेन्शन मॉडेलमध्ये टाकू की लेआउटमध्ये?" म्हणजे मापाचे आकडे इमारत काढायच्या जागेत लिहू, की छापायच्या कागदाच्या जागेत, पेपर स्पेसमध्ये? मी तोंड उघडायच्या आत शेजारचा जुना ड्राफ्ट्समन उत्तर देऊन मोकळा होतो, "आपल्याकडे सगळं मॉडेलमध्येच करतात." रस्त्यापलीकडच्या ऑफिसात हाच प्रश्न विचारा, नेमकं उलटं उत्तर मिळेल आणि तेही तितक्याच ठसक्यात. का, असं विचारलं तर दोघंही म्हणणार, आमची पद्धत आहे. पद्धत असायला माझी हरकत नाही, पण ती कुठून आली हे कळलं तर ती कधी मोडायची हेही कळतं. म्हणून थोडं मागून सुरू करतो.

ड्रॉइंग बोर्डवर ट्रेसिंग पेपर लावला की पहिला निर्णय स्केलचा असायचा. १:१०० ठरलं की तीन मीटरची खोली तीस मिलिमीटरची झाली. हा भागाकार स्केलपट्टी करून द्यायची, पण तो रेघ ओढण्याच्या आधी व्हायचा. अक्षरांना मात्र हा भागाकार लागू नव्हता. अडीच मिलिमीटरचं स्टेन्सिल घेतलं की अक्षर अडीच मिलिमीटरचंच, मग शीट १:१००ची असो की १:२०ची. म्हणजे एकाच कागदावर दोन प्रकारची मापं शेजारी शेजारी नांदत होती, इमारतीची लहान केलेली आणि कागदाची मूळची. हातानं काम करणाऱ्याला त्याचा कधी त्रास झाला नाही.

१९८२च्या अखेरीस ऑटोकॅड आलं आणि हा क्रम उलटा झाला. आता इमारत एकास एक मापात काढायची. २३०ची भिंत म्हणजे २३० युनिट. भागाकार शेवटी, प्लॉट काढताना, म्हणजे कागदावर छापताना. पण प्लॉटरला इमारत आणि अक्षर यांतला फरक कळत नाही. १:१००नं प्लॉट मारला की सगळंच शंभर पटीनं लहान होतं. मग अडीच मिलिमीटरचं अक्षर हवं असेल तर ते मॉडेलमध्ये २५० उंचीचं लिहा. ए१ कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटर, तर बॉर्डर ८४,१०० बाय ५९,४०० युनिटची काढा. दोन बेडरूमच्या फ्लॅटभोवती चौऱ्याऐंशी मीटर लांबीची चौकट आणि त्यात वीतभराहून उंच अक्षरांत लिहिलेलं क्लायंटचं नाव. ऐकायला गंमत वाटते, पण काम चालतं. शीटवर एकच स्केल आहे तोवर उत्तम चालतं, आणि "सगळं मॉडेलमध्येच" म्हणणारे मूर्ख नाहीत ते यामुळेच.

गाडी अडते ती शीटच्या कोपऱ्यात. प्लॅन १:१००चा आहे आणि तुम्हाला त्याच शीटवर जिन्याचा डिटेल १:२०नं दाखवायचाय. अख्खी शीट १:१००नं प्लॉट होणार, मग डिटेल मोठा दिसणार कसा? जुना उपाय असा होता की डिटेलची कॉपी करायची आणि ती पाच पट स्केल करायची. आता २५०ची पायरी १२५० झाली. डायमेन्शन टाकलं तर १२५० येणार, म्हणून डिमएलफॅक नावाचं, डायमेन्शनच्या आकड्याला गुणणारं व्हेरिएबल ०.२ करायचं. मग १२५० गुणिले ०.२, डायमेन्शन दाखवतं २५०. कागदावर सगळं बरोबर, फाइलमध्ये मात्र राक्षसाचा जिना. अशा फाइली अजूनही फिरतायत. तुमच्या हाती आली, तुम्ही त्या डिटेलवर डिस्टन्स कमांड मारलीत, तर १२५० येणार. रेलिंगवाल्याला तीच फाइल पाठवली आणि त्यानं डायमेन्शन न बघता थेट जॉमेट्री उचलली, तर तो पाच पट रेलिंग करणार नाही, त्याला शंका येईल. पण अडीच पट किंवा दोन पट मोठं केलेलं ग्रिलचं डिझाइन असेल तर शंका येईलच असं नाही.

ही अडचण सोडवायला पेपर स्पेस आली, रिलीज ११मध्ये, १९९० साली. कल्पना साधी. इमारत एका जागेत, खऱ्या मापात. कागद दुसऱ्या जागेत, तोही खऱ्या मापात. कागदाला खिडक्या पाडायच्या आणि प्रत्येक खिडकीतून इमारतीकडे हव्या त्या स्केलनं बघायचं. त्या खिडकीला व्ह्यूपोर्ट म्हणतात. प्लॅनच्या खिडकीला १:१००, जिन्याच्या खिडकीला १:२०. जिना एकच, बघायच्या तऱ्हा दोन. भागाकार आता व्ह्यूपोर्टमध्ये होतो आणि लेआउट स्वतः १:१नं प्लॉट होतो. बोर्डवरची दोन मापं पुन्हा वेगळी झाली, एवढंच.

मग लोकांनी ती लगेच का नाही उचलली? एक कारण असं की सुरुवातीला एका फाइलला एकच पेपर स्पेस मिळायची. टाइलमोड नावाचं व्हेरिएबल शून्य केलं की पेपर स्पेसमध्ये, एक केलं की परत मॉडेलमध्ये. खाली दिसणारे एकाहून जास्त लेआउटचे टॅब आले ते ऑटोकॅड २०००मध्ये, म्हणजे १९९९ साली. तोवर बऱ्याच ऑफिसांची घडी बसून गेली होती आणि आज तिथले जुने लोक ज्यांना शिकवतात त्यांनाही ती घडी वारशानं मिळते.

आता पेपर स्पेसचा खरा फायदा कुठे आहे ते बघू, कारण दोन स्केल हे त्याचं छोटं रूप आहे. एका फ्लॅटचे वर्किंग ड्रॉइंग घ्या. ब्रिकवर्क, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग, फ्लोअरिंग, फॉल्स सीलिंग. पाच शीट. मॉडेलवाला काय करतो? प्लॅनच्या पाच कॉप्या एका ओळीत मांडतो, प्रत्येकीभोवती बॉर्डर. आणि मग प्लंबिंग कन्सल्टंटचा फोन येतो की डक्ट लहान पडतोय, टॉयलेटची ११५ची भिंत १५० मिलिमीटर आत घ्या. पाच ठिकाणी स्ट्रेच कमांड मारून भिंत सरकवायची. चार वाजता प्रिंट द्यायच्यात. चार ठिकाणी होतो, फॉल्स सीलिंगच्या शीटमध्ये राहतो. आता दोन शीट साइटवर आहेत, दोन्हींवर त्याच तारखेचा रिव्हिजन शिक्का आहे आणि दोन्हींत टॉयलेटची रुंदी वेगळी आहे. सुपरवायझरनं कुठली खरी मानायची? ज्याच्या हातात जी असेल ती.

मॉडेलमध्ये प्लॅन एकच असेल तर हे होऊच शकत नाही. पाच लेआउट, पाच व्ह्यूपोर्ट, सगळे त्याच प्लॅनकडे बघतायत. फरक फक्त कुठल्या खिडकीत कुठला लेयर, म्हणजे ड्रॉइंगचा कुठला थर, दिसतो याचा. इलेक्ट्रिकलच्या व्ह्यूपोर्टमध्ये फ्लोअरिंगचा लेयर व्हीपी फ्रीझ, म्हणजे त्या खिडकीपुरता लपवलेला. इथे एक नेहमीची फसगत सांगतो. लेयर मॅनेजरमध्ये नुसता फ्रीझचा रकाना वेगळा आणि व्हीपी फ्रीझचा वेगळा. पहिल्यावर क्लिक केलंत तर तो लेयर पाचही शीटमधून गेला. दुसरा रकाना तुम्ही लेआउटमध्ये असलात तरच दिसतो, आणि बऱ्याचदा बराच उजवीकडे असतो, म्हणून मुलं तिथवर पोचतच नाहीत.

दुसरी फसगत माउसच्या चाकाची. व्ह्यूपोर्टमध्ये डबल क्लिक करून आत गेलात, काही दुरुस्त केलंत आणि सवयीनं चाक फिरवलंत. स्केल १:१००चं १:९३ झालं. डोळ्याला कळत नाही. डायमेन्शनचे आकडे बरोबरच राहतात, त्यामुळे ऑफिसात कुणाला शंकाही येत नाही. साइटवर मात्र न दिलेलं माप लोक स्केलपट्टी लावूनच काढतात, "डू नॉट स्केल" असं तुम्ही कितीही ठळक लिहा. म्हणून स्केल दिलं की व्ह्यूपोर्ट लॉक. त्याच मिनिटाला, नंतर नाही.

स्केल देण्याबद्दलही दोन वाक्यं. झूम कमांडमध्ये १/१००एक्सपी लिहायचं (एक्सपी म्हणजे कागदाच्या मानानं किती पट), हे मिलिमीटरमध्ये काढणाऱ्यांसाठी. आपल्याकडे सर्व्हेची फाइल मीटरमध्ये येते. तिथे एक युनिट म्हणजे एक मीटर, आणि १:१००ला एक मीटर कागदावर दहा मिलिमीटर होतो, म्हणून १०एक्सपी. १:५०० हवं तर २एक्सपी. फूट-इंचात काम करणारे युनिट इंच धरतात, त्यांना ०.२५४एक्सपी. यादीतून नुसतं १:१०० निवडून मीटरच्या फाइलला दिलंत तर अख्खी जागा टिकलीएवढी दिसेल आणि तुम्ही सॉफ्टवेअरला शिव्या घालाल.

आता मूळ प्रश्न. कुठली गोष्ट कुठे? मी ऑफिसात दोनच प्रश्न विचारायला सांगतो. भिंत सहा इंच सरकली तर ही गोष्ट तिच्याबरोबर सरकायला हवी का? हवी असेल तर मॉडेल. कागद ए१चा ए२ झाला तर ही गोष्ट बदलायला किंवा हलायला हवी का? हवी असेल तर लेआउट. बॉर्डर, टायटल ब्लॉक, नोट्स, रिव्हिजनचा तक्ता, ड्रॉइंगखालचं नाव आणि स्केल हे उघडच कागदाचं. खोल्यांची नावं, दरवाजा-खिडक्यांचे नंबर, लेव्हल हे इमारतीचं. रिव्हिजन क्लाउडला, म्हणजे बदललेल्या भागाभोवती काढायच्या ढगासारख्या रेघेला, दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो येतं. तो इमारतीच्या एका जागेभोवती असतो, पण त्याचा संबंध या वेळी निघालेल्या कागदाशी. मी तो लेआउटमध्ये ठेवतो, पुढच्या रिव्हिजनला पुसायला सोपा जातो.

आणि डायमेन्शन? ऑटोकॅड २००२पासून लेआउटमध्ये टाकलेलं डायमेन्शन व्ह्यूपोर्टमधल्या भिंतीला चिकटून राहू शकतं आणि खरं माप दाखवतं. लेआउटवाल्यांचं म्हणणं असं की अक्षराची उंची एकदा अडीच ठेवली की विषय संपला, २५० आणि १२५चे हिशोब नकोत. मुद्दा खरा आहे. तरी प्लॅनचे डायमेन्शन मी मॉडेलमध्येच टाकायला लावतो. कारण तुमची फाइल आर.सी.सी. कन्सल्टंटकडे जाते, आणि तो ती एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरून जोडलेली फाइल म्हणून, स्वतःच्या ड्रॉइंगखाली लावतो. एक्सरेफमध्ये फक्त मॉडेल स्पेस येते. तुमच्या लेआउटमधलं काहीही त्याला दिसत नाही. सेंटर लाइनचे आकडे तुम्ही कागदावर लिहिले असतील तर त्याच्यासाठी ते लिहिलेलेच नाहीत, आणि कॉलम कुठे येतो हे त्यानं स्वतः मोजून काढायचं. शिवाय स्ट्रेचच्या चौकटीत भिंत आणि डायमेन्शन दोन्ही एकदम येतात. डिटेल शीटचे डायमेन्शन लेआउटमध्ये टाकलेत तर माझं काही म्हणणं नाही, ते कुणी एक्सरेफ करत नाही.

एकच प्लॅन १:१०० आणि १:५० दोन्हींत डायमेन्शनसकट हवा असेल तर २००८च्या आवृत्तीत आलेली ॲनोटेटिव्ह सोय आहे, ती अक्षरांची उंची प्रत्येक स्केलला आपोआप जुळवते. ती शिका. पण पाच जणांच्या ऑफिसात ती पाचही जणांना नीट येत असेल तरच वापरा, नाहीतर एकाच अक्षराला आठ-दहा स्केल चिकटतात आणि मजकूर एका शीटवर दिसतो, दुसरीवर गायब. दोन डायमेन्शन लेयर आणि व्हीपी फ्रीझ हा गावठी उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो.

लेआउटच्या वाटेला जायचंच नाही अशीही कामं असतात. भोसरीतल्या लेसर कटिंगवाल्याला डीएक्सएफ फाइल द्यायची आहे, तर एकास एक कटिंगची रेघ तेवढी द्या, बॉर्डरसुद्धा नको. मंजुरीचे नकाशे तपासणाऱ्या संगणक प्रणालीला ठरलेल्या लेयरवरची बंद पॉलीलाइन खऱ्या मापात हवी असते, तुमची शीट किती देखणी आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही.

उलट, जमिनीच्या तिरक्या प्लॉटवर लेआउटशिवाय मला तरी गती दिसत नाही. मोजणीवरून आलेला प्लॉट कोऑर्डिनेटवर बसलेला असतो आणि रस्त्याला सतरा-अठरा अंशांत कललेला. ड्रॉइंग शीटवर सरळ दिसावं म्हणून अख्खं मॉडेल फिरवायचा मोह होतो. फिरवलंत की टोटल स्टेशन या यंत्रानं मोजणी करणाऱ्याचे पॉइंट जुळायचे बंद, कन्सल्टंटच्या एक्सरेफ भलतीकडे. त्यापेक्षा व्ह्यूपोर्टमध्ये यूसीएस, म्हणजे अक्षांची दिशा, इमारतीला लावा, प्लॅन कमांड द्या. दिसायला सरळ, जागेवर तिरकं. नॉर्थचा बाण तेवढा त्या खिडकीप्रमाणे फिरवायला विसरू नका.

शेवटी मघाशी चिठ्ठीवर आलेला प्रश्न घेतो : "साइटवर ए३ प्रिंट मागतात, काय करायचं?" ए१ची शीट 'फिट टू पेपर' करून ए३वर मारली की सगळं निम्मं होतं. १:१००चं १:२०० झालं, टायटल ब्लॉकमध्ये मात्र १:१००च छापलंय, आणि अडीचचं अक्षर सव्वा मिलिमीटरवर आलं. सिमेंटच्या हातांनी हाताळलेल्या कागदावर ते कोण वाचणार? स्केलच्या रकान्यात निदान 'ए१ वर १:१००' असं लिहा. त्याहून बरं म्हणजे ए३चा वेगळा लेआउट करा, स्केल १:१००च ठेवा, प्लॅन मावत नसेल तर दोन व्ह्यूपोर्टमध्ये तोडून मॅच लाइन, म्हणजे दोन तुकडे जुळायची रेघ, दाखवा. मॉडेलमधल्या एका रेघेलाही हात लावावा लागत नाही. आता लॅबमध्ये मशीन सुरू करा, दिलेल्या फाइलमध्ये भिंत सरकवा आणि पाचही शीट उघडून बघा. तीत एक व्ह्यूपोर्ट मी मुद्दाम लॉक न करता ठेवलाय, तो कुठला ते मला येऊन सांगा.