होडीला ट्रोलिंग मोटर बसवताना

मंडळी, ट्रोलिंग मोटर म्हणजे होडी चालवायची बॅटरीवरची छोटी मोटर, आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "किती पाउंडाची मोटर घेऊ?" प्रश्न बरोबरच आहे पण अर्धा आहे, कारण मोटर एक नंबर असूनही उजनी धरणावर माणूस मधेच अडकतो तो बॅटरीमुळं आणि वायरीमुळं, म्हणून आज मी मोटरवर थोडंच बोलणार आणि तांब्याच्या वायरीवर जास्त.

तरी मोटरचा हिशोब आधी करून टाकू. या मोटरची ताकद एचपीत सांगत नाहीत, थ्रस्ट म्हणजे पाण्यात किती जोर लावते ते पाउंडात सांगतात. ढोबळ नियम असा की सगळ्या वजनाच्या दर 45 किलोला 2 पाउंड. आता 14 फुटी फायबरची होडी धरा 150 किलो, तिघं माणसं 210, बॅटरी, गळ, डबे, पाणी मिळून 60, झाले 420 किलो, म्हणजे कागदावर 19 पाउंड पुरे. पण हा नियम शांत पाण्याचा. उजनीचा फुगवटा म्हणजे मोकळा पसारा, आडोसा कुठंच नाही, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वारा कसा उठतो ते टेंभुर्णी-करमाळ्याकडच्या लोकांना मी काय सांगू. 21 मे 2024 ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि 6 जण गेले, आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. म्हणून उजनीसाठी सरळ दुप्पट धरा आणि वर थोडी घ्या, 45 ते 55 पाउंड. हिप्परग्याच्या तलावावर काठाकाठानं फिरणार असाल तर कमी चालेल. लाईफ जॅकेट मात्र दोन्हीकडं अंगावरच पाहिजे, सीटखाली ठेवून उपयोग नाही.

पुढं बसवायची की मागं? मागच्या फळीला क्लॅम्पनं लागते ती स्वस्त आणि सोपी, भोकं पाडायला लागत नाहीत. पण बैल गाडीच्या पुढं जुंपतो ना आपण, तसंच पुढच्या टोकाला बसवलेली मोटर होडीला ओढत नेते आणि वाऱ्यात तोंड भरकटू देत नाही. चिलापी, मरळ काठाच्या झुडपात धरायला हे लई कामाचं. पुढं बसवताना खालून प्लायवूड किंवा अॅल्युमिनियमची पट्टी द्या, नुसत्या फायबरवर नट आवळलं की फायबर तडकतं. बोल्ट स्टेनलेसचे, नट नायलॉकचे (आत नायलॉनची रिंग असते, हादऱ्यानं ढिले होत नाहीत), आणि प्रत्येक भोकात सीलंट. शाफ्टची, म्हणजे मोटरच्या उभ्या दांड्याची लांबी मोजताना होडीत माणसं बसवून, बॅटरी ठेवून मोजा, मोटर पाण्याखाली साधारण फूटभर राहिली पाहिजे, नाहीतर लाटेत पातं हवेत फिरतं.

आता वायर. 55 पाउंडाची 12 व्होल्टची मोटर फुल स्पीडला 50 अँपिअरच्या आसपास ओढते. बॅटरी मागं आणि मोटर पुढं असली तर जाऊन-येऊन 8 मीटर वायर झाली. तिथं घरच्या वायरिंगची 4 स्क्वेअर एमएमची (हे तांब्याच्या जाडीचं माप) वायर टाकली तर वाटेतच पावणेदोन-दोन व्होल्ट जातात, मोटरला राहिले जेमतेम 10, वायर तापते ती वेगळीच. तीच 16 स्क्वेअर एमएमची घेतली तर अर्धा व्होल्टसुद्धा जात नाही. काही हजार जास्त घालून मोठी मोटर घेणारे इथं थोडे पैसे वाचवतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. वायरीच्या टोकाला लग (भोकाचं धातूचं टोक) क्रिम्प करून म्हणजे दाबून लावा, वरून हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी घाला, नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका.

आणि ब्रेकर, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप तोडणारा स्विच. 60 अँपिअरचा, बॅटरीच्या प्लसला अगदी लागून. घरातली एमसीबी काढून लावू नका ओ! घरातला एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून तिथली ठिणगी आपोआप विझते, बॅटरीच्या डीसीत शून्य येतच नाही, ठिणगी तशीच धरून राहते आणि एमसीबी जळू शकते. डीसीचाच ब्रेकर मागून घ्या.

बॅटरी गाडीची नको, ती स्टार्टर फिरवायला केलेली असते, खोल डिस्चार्ज झाली की लवकर मरते. इन्व्हर्टरची ट्युब्युलर चालते पण 150 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती करंट किती तास मावतो ते) 50 किलोच्या वर जाते आणि अॅसिड सांडायची भीती. लेड अॅसिड अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे 100 एएच मधले 50 च आपले, फुल स्पीडला तासभरसुद्धा पुरत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग खरी, पण तेवढ्याच एएचला 10-13 किलो आणि जवळजवळ सगळी वापरता येते. फक्त सोलापूरचं ऊन लक्षात ठेवा, तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, सावलीत थंड होऊ द्यायची.

फुल स्पीडचा मोह टाळा, वेग निम्मा केला की लागणारी ताकद जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. जाताना वारा पाठीमागं असेल तर येताना तो तोंडावर असणार, त्यामुळं निम्मी बॅटरी संपायच्या आधीच वळायचं.

शेवटचं एक काम, आणि हे कुणीच करत नाही. घरी आल्यावर पातं काढून मागं बघायचं. गळाची दोरी, जाळ्याचा धागा तिथं गुंडाळला जातो, पाणी अडवणारं सील कापतो आणि मोटरमध्ये पाणी शिरतं. कोळी बांधवांची जाळी लावलेली दिसली की लांबून वळसा घाला, त्यांचं पोट त्यावर आहे. पातं धरून ठेवणारी पिन आणि पात्याचा नट एक जादा गळाच्या डब्यात ठेवा. चला, मोटर इथं टेबलावर आणलीये, पातं कसं काढायचं ते पुढं येऊन बघा.