बेलबॉटम, कल्ले आणि टेरिकॉट: सत्तरच्या दशकातला ठाणेकर पुरुषाचा पेहराव

नमस्कार. सत्तरच्या दशकातल्या पुरुषांच्या कपड्यांविषयी बोलायचे झाले की आपण हमखास पडद्यावरच्या नायकांपासून सुरुवात करतो. राजेश खन्ना यांनी पँटवर आखूड गुरू कुर्ता घातला म्हणून तो गल्लोगल्ली दिसू लागला, अमिताभ बच्चन यांनी केसांनी कान झाकले म्हणून तरुणांनीही झाकले, असे सांगितले जाते. त्यात तथ्य नक्कीच आहे. परंतु पडद्यावरचा पेहराव नौपाड्यातल्या एखाद्या कारकुनाच्या किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या फिटरच्या अंगावर यायचा, तर मध्ये दोन गोष्टी असाव्या लागत: त्या घडणीला साथ देणारे कापड आणि ते बेतणारा शिंपी. माझ्या मते त्या दशकाचे खरे रूप या दोघांनी घडवले, आणि त्यांपैकी कापडाचा धागा तर ठाण्याच्या अगदी दाराशी तयार होत होता. त्यामुळे आज मी नायकांकडे कमी आणि कापडाकडे जास्त पाहणार आहे.

(पँट कॅमेऱ्याजवळ धरून)

ही माझ्या काकांची पँट. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला होते आणि ही त्यांनी सणासमारंभासाठी शिवून घेतली होती. रंग गडद तपकिरी, कापड टेरिकॉट. कमरेला चुण्या नाहीत, मांडीला अगदी घट्ट बसते, गुडघ्यापाशी घेर 17 इंच आहे आणि तिथून ती खाली उघडत जाऊन बॉटम थेट 24 इंचांचा होतो. पट्ट्याची लुपे पाहा, किती लांब आहेत, कारण तेव्हा पट्टाही चांगला रुंद वापरला जाई. आता खालची कड उलटून दाखवतो. इथे आतल्या बाजूने पितळी चेनची एक पट्टी गोलाकार शिवलेली आहे. ती शोभेसाठी नाही. ही पँट बुटाची टाच झाकेल इतकी लांब शिवायची असे, त्यामुळे तिची मागची कड सतत जमिनीला घासे आणि काही महिन्यांतच दुमड फाटून दोरे लोंबू लागत. म्हणून जुन्या चेनचा अर्धा भाग दुमडीवर शिवून टाकायचा, म्हणजे झीज कापडाऐवजी चेनचे दात सोसत. ही युक्ती कोणी शोधली ते मला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण ती शिंप्याच्या टेबलावर जन्मली यात मला शंका वाटत नाही.

आणि ही क्रीज पाहा. इतकी वर्षे कपाटात घडी होऊन राहिलेल्या पँटवर समोरची रेघ अजूनही स्पष्ट दिसते. सुती कापडात हे शक्य नसते. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचे मिश्रण; नेहमीचे प्रमाण 67 भाग पॉलिएस्टर आणि 33 भाग सूत असे असे. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर त्या आकारात स्थिर होते, त्यामुळे त्याच्यावर इस्त्रीने एकदा बसवलेली रेघ धुण्याने सहसा जात नाही. हाच गुण बेलबॉटमला तारून नेतो. गुडघ्याखालचा घेर चालताना झुलला पाहिजे, पण बसून उठल्यावर चुरगळता कामा नये. सुती पँटचा एवढा घेर दुपारपर्यंत लोळागोळा होऊन जातो. टेरिकॉटचा घेर संध्याकाळच्या लोकलमधून उतरतानाही ताठ राहतो.

हा धागा मूळचा इंग्लंडचा. जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 1941 मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करताना तो शोधला, आणि पुढे तो टेरिलीन या नावाने बाजारात आला. आपल्याकडे साठच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावर केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीच्या कारखान्यात ‘टेरीन’ या नावाने पॉलिएस्टर तंतू तयार होऊ लागला. आज नवी मुंबईतून लोकलने जाताना खिडकीबाहेर काचेच्या इमारती दिसतात, त्या पट्ट्यात तेव्हा रासायनिक कारखान्यांची रांग होती. ठाण्यातच 1925 साली सुरू झालेली रेमंडची लोकरीची गिरणी होती, आणि लोकर व पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे टेरिवूल हे लग्नाच्या सुटासाठी सर्वांत मानाचे कापड समजले जाई. ज्या शहरात कापड विणणारे आणि धागा काढणारे कामगार राहतात, त्या शहराला कापडाची पारख वेगळी असते असे मला नेहमी वाटत आले आहे.

हे कापड स्वस्त मात्र नव्हते. सरकार कृत्रिम धाग्याला चैनीची वस्तू मानून त्यावर भरपूर उत्पादन शुल्क लावत असे. म्हणूनच लग्नाच्या आहेरात शर्टपीस आणि पँटपीस देण्याला एवढी प्रतिष्ठा आली. व्याह्यांच्या मानपानात कोणाला टेरिकॉट आले आणि कोणाला सुती, यावरून रुसवेफुगवे होत. घरी मात्र या कापडाचे कौतुक वेगळ्याच कारणाने होई. चाळीच्या गॅलरीत रात्री वाळत घातलेली पँट सकाळी कोरडी मिळे, आणि ज्याच्याकडे कामावर जाण्याजोग्या दोनच पँटी असत, त्याच्या दृष्टीने हा फार मोठा दिलासा होता.

आता शिंप्याकडे वळू. त्या काळी तयार कपडे घेणे ही मोठ्यांसाठी अपवादाची गोष्ट होती. कापड मीटरवर विकत घ्यायचे आणि मास्तरांकडे जाऊन माप इंचांत द्यायचे, अशी ती दोन मोजपट्ट्यांची दुनिया होती. मास्तर वहीत उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा असे आकडे लिहीत आणि शेवटी विचारत, ‘बॉटम किती ठेवू?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर गिऱ्हाइकाचे वय, नोकरी आणि वडिलांचा स्वभाव हे सगळे कळून येई. सरकारी कचेरीत जाणारा 18 इंच सांगे, कॉलेजचा मुलगा 24 सांगे, आणि सोबत वडील आले असतील तर ते मध्येच बोलून 20 वर तोडगा काढत. फॅशन नुसती वरून उतरत नव्हती, ती अशी एकेका मापाने ठरत होती, आणि म्हणूनच एकाच चाळीतल्या दोन पँटी कधी सारख्या नसत. बेलबॉटमला कापडही जास्त लागे, त्यामुळे पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, हिशेब चुकला तर मास्तरांना पायाच्या आतल्या बाजूला जोड द्यावा लागे. काकांच्या पँटलाही डाव्या पायात असा त्रिकोणी जोड आहे. तो रंग जुळवून इतका सफाईने दिला आहे की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

या आकाराचा उगम समुद्रावर आहे. खलाशांच्या पँटी खाली रुंद असत, आणि साठच्या दशकात पाश्चात्त्य तरुणांनी नौदलाचे जुने कपडे स्वस्तात घेऊन घालायला सुरुवात केली. तिथून तो आकार संगीतात, मासिकांत आणि चित्रपटांत गेला. हिप्पी तरुण गोव्यात आले, ते आपल्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिले, आणि ‘हिप्पी’ हा शब्द मराठी घरांत लांब केसांच्या मुलाला रागावण्यासाठी कायमचा रुजला.

शर्टाचा सगळा जीव कॉलरीत होता. डॉग कॉलर म्हणजे लांब, टोकदार, छातीवर उतरलेली कॉलर. ती लोंबू नये म्हणून आत जाड बकरम घालावा लागे. शर्ट अंगाबरोबर बेतलेला, वरची दोन बटणे उघडी, कापडावर मोठी फुले किंवा रुंद चौकडी. मध्यमवर्गीय तरुणाचा पेहराव खरा कसा होता हे पाहायचे असेल, तर अमोल पालेकर यांच्या त्या काळातल्या भूमिका पाहाव्यात. तिथे नायक साध्या कचेरीत काम करतो, बसच्या रांगेत उभा राहतो, आणि तरीही त्याची कॉलर रुंद आहे व पँट खाली उघडलेली आहे. फॅशन इतकी खालपर्यंत झिरपल्याचा यापेक्षा चांगला पुरावा मला सापडत नाही.

साहेब लोकांसाठी सफारी होती. वसाहतींच्या काळातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बुश जॅकेटवरून ती आली. अर्ध्या बाह्या, चार खिसे, खांद्यावर पट्ट्या, आणि टाय लावण्याची गरज नाही. आपल्या हवेत कोट घालणे म्हणजे शिक्षाच असते, त्यामुळे जिल्हा परिषद, कलेक्टर कचेरी आणि बँका या ठिकाणी ती पुढे अनेक वर्षे टिकून राहिली.

आता केसांकडे येतो, कारण घरोघरी खरी भांडणे झाली ती कपड्यांवरून कमी आणि केसांवरून अधिक.

आधीच्या पिढीची कटिंग मशीनची होती. न्हावी मानेपासून वर मशीन फिरवी, कानामागे वस्तऱ्याने रेघ मारी, आणि वर तेल लावून भांग पाडला की काम झाले. हौशी माणूस फार तर समोर कोंबडा काढी. सत्तरच्या दशकात केस कानांवर उतरले, मानेवर रुळू लागले, भांग मध्याकडे सरकला आणि कल्ले कानाच्या पाळीखाली गेले. अमिताभ बच्चन यांच्याप्रमाणे सुनील गावसकर यांचे दाट कुरळे केसही मुंबई-ठाण्याच्या मुलांच्या डोळ्यांसमोर होते. हे केस कापायला मशीन निरुपयोगी होती. कंगव्याने बट उचलून कात्रीने थराथराने कापणे, म्हणजेच स्टेप कट, हे नवे कौशल्य कारागिरांना शिकावे लागले. कल्ल्यांचे काम त्याहून नाजूक. दोन्ही बाजूंची उंची आरशात पाहून जुळवायची, आणि एक बाजू किंचित वर गेली की दुसरी वर घ्यायची. असे करता करता गिऱ्हाइकाचे लाडके कल्ले निम्मे व्हायचे.

तेलाचा प्रश्नही मोठा होता. खोबरेल तेल लावले की केस डोक्याला चिकटून बसतात आणि कानांवरचा फुगीरपणा जातो, शिवाय त्या प्रशस्त कॉलरीवर मागे तेलाचा डाग पडतो, आणि पॉलिएस्टर तेलाचा डाग सहजासहजी सोडत नाही. म्हणून तरुणांनी तेल सोडले. आईच्या दृष्टीने हा लांब केसांपेक्षाही मोठा अपराध होता. मागच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला प्लॅस्टिकचा कंगवा त्या काळच्या छायाचित्रांत वारंवार दिसतो, तो याच कोरड्या केसांमुळे. तेल नसलेले केस वाऱ्याने विस्कटत आणि पुन्हा पुन्हा बसवावे लागत.

या सगळ्याची किंमत शरीर मोजत होते. सूत हवेतली सात-आठ टक्के आर्द्रता शोषून घेते, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. खाडीकाठच्या दमट हवेत, गर्दीच्या डब्यात, अंगाला घट्ट टेरिलीनचा शर्ट म्हणजे घाम अंगावरच राहणार. विडीची ठिणगी पडली तर कापडाला वितळलेल्या कडांचे बारीक भोक पडे, आणि इस्त्री जरा जास्त तापली तर चकाकी येई. सायकलने पाळीवर जाणारे कामगार उजवा पाय चेनमध्ये अडकू नये म्हणून घेर दुमडून मोज्यात खोचत किंवा त्याला क्लिप लावत. एवढे सोसूनही लोकांनी ही पँट घातली, याचा मला मनापासून आदर वाटतो. ज्याचा दिवस गणवेशात किंवा फायलींमध्ये जात होता, त्याला स्वतःच्या मापाची आणि स्वतःच्या निवडीची ही एक वस्तू मिळाली होती.

दशक संपता संपता घेर आटू लागला. पण पॉलिएस्टर फाटत नाही, आणि चांगली पँट टाकून देण्याची पद्धत आपल्या घरांत नव्हती. म्हणून लोक त्याच पँटी घेऊन त्याच मास्तरांकडे परतले आणि बाजूची शिवण उसवून बॉटम 16 इंचांवर आणून घेऊ लागले. आज खरी बेलबॉटम इतकी दुर्मीळ आहे ती यामुळेच. त्यांतल्या पुष्कळशा पुढच्या दशकात अरुंद पँटी म्हणून वापरल्या गेल्या. पुढे 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यावरचा भार हलका केला, पॉलिएस्टर सर्वांच्या आवाक्यात आले, आणि त्याबरोबरच त्याचा मान उतरला.

आपल्या घरी त्या काळातली एखादी पँट असेल, तर तिची बाजूची शिवण आतून तपासून पाहा. जुन्या टाक्यांच्या भोकांची दुसरी ओळ दिसली, तर ती मुळात बेलबॉटम होती असे समजावे. अशी पँट मिळाल्यास भोकांच्या ओळीपर्यंतचे माप इंचांत घेऊन आणि ती ठाण्यात कोणत्या भागात शिवली होती ते लिहून मला जरूर कळवा. नौपाडा, जांभळी नाका आणि कळवा इथले मास्तर बॉटम किती ठेवत, याची नोंद मला करायची आहे.