निकितीन निघाला ती राजधानी : व्होल्गाकाठचे त्वेर

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

आजच्या व्याख्यानाचा जाहीर झालेला विषय 'नद्यांनी घडवलेले शहर : त्वेर' असा आहे आणि त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु महाराष्ट्रात त्वेरचे नाव घेतले की श्रोत्यांच्या मनात अफानासी निकितीन, पंधराव्या शतकात भारतात आलेला रशियन व्यापारी, हा एकच माणूस उभा राहतो, आणि त्याच्या संदर्भात माझी एक जुनी तक्रार आहे. ती मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

निकितीन चौलच्या बंदरात उतरला, पावसाळ्यात जुन्नरला अडकून पडला आणि तेथून बहमनींच्या बिदरला गेला, हे आपणांस ठाऊक आहे. रेवदंड्याचे त्याचे स्मारकही आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मात्र त्याच्यावरचा मराठी मजकूर वाचताना चौलपासून पुढचा प्रवास पानेच्या पाने चालतो आणि चौलच्या आधीचे सारे 'रशियातील त्वेर गावचा एक व्यापारी' एवढ्या शब्दांत आटोपले जाते. 1468 च्या सुमारास, म्हणजे तो निघाला तेव्हा, त्वेर हे कुणाच्या राज्यातले गाव नव्हते. ती एका स्वतंत्र राज्याची राजधानी होती, आणि तेथल्या राजाला मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानइतकाच 'महाराज' हा किताब होता. निकितीनने स्वतःच्या टिपणांच्या आरंभीच हे नोंदवले आहे. सोनेरी घुमटाच्या तारणहाराच्या मंदिरापासून आपण निघालो, आपले महाराज मिखाईल बोरिसोविच आणि त्वेरचे बिशप गेन्नादी यांचा निरोप घेऊन व्होल्गेच्या प्रवाहाबरोबर खाली गेलो, असे तो लिहितो. पुढे कोस्त्रोमाला आपल्याच महाराजांचे आणखी एक पत्र हाती असल्याचेही सांगतो. निझनी नोवगोरोदला तो शिर्वानच्या, म्हणजे कॅस्पियनकाठच्या एका राज्याच्या, राजदूताची, हसनबेगची, दोन आठवडे वाट पाहतो. तो राजदूत मॉस्कोच्या दरबारातून नव्वद शिकारी ससाणे घेऊन परतत होता. म्हणजे एकाच नदीवरून, एकाच दिशेने, एकाकडे मॉस्कोची भेट आणि दुसऱ्याकडे त्वेरचे पत्र अशी दोन राज्यांची माणसे चालली होती. ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर निकितीनही कळत नाही आणि त्वेरही कळत नाही.

त्याने उल्लेखलेले ते तारणहाराचे मंदिर 1285 ते 1290 या काळात बांधले गेले. 1238 मध्ये मंगोलांनी त्वेर जाळले होते, आणि त्या स्वारीनंतर ईशान्येकडील रूस प्रदेशात दगडी बांधकामाची परंपराच खंडित झाली होती. ती पुन्हा सुरू करणारे पहिले मोठे मंदिर मॉस्कोत किंवा व्लादिमीरमध्ये उभे राहिले नाही, ते त्वेरमध्ये उभे राहिले. ज्या नगराने राखेतून सर्वांत आधी दगड रचला, त्याला रूसचे नेतृत्व आपलेच आहे असे वाटले असेल, तर त्यात मला काही वावगे दिसत नाही. त्वेरचा मिखाईल यारोस्लाविच सुवर्ण टोळीच्या, म्हणजे रूसवर सत्ता गाजवणाऱ्या मंगोल राज्याच्या, खानाकडून सनद मिळवून व्लादिमीरचा महाराज, म्हणजे तिथल्या राजांमधला सर्वांत वरिष्ठ, झाला, मॉस्कोच्या युरीने खान उझबेगच्या बहिणीशी लग्न करून त्याला आव्हान दिले, 1317 च्या डिसेंबरात बोर्तेनेवोच्या लढाईत युरीचा पराभव झाला आणि त्याची ती पत्नी त्वेरकरांच्या हाती सापडली. ती कैदेत मरण पावली. त्याचा जाब देण्यासाठी मिखाईल स्वतः खानाच्या छावणीत गेला आणि 1318 च्या नोव्हेंबरात तेथे मारला गेला. ऑर्थोडॉक्स चर्च आज त्याला संत मानते.

आता मी द्युद्कोच्या घोडीकडे येतो. वेळेचे भान मला आहे; परंतु त्वेरचा स्वभाव सांगण्यासाठी मला एकच प्रसंग निवडायला सांगितला, तर मी हाच निवडीन.

1327 साली खानाचा नातलग चोल-खान मोठ्या लवाजम्यासह त्वेरला येऊन राहिला. मिखाईलचा मुलगा अलेक्सांद्र तेव्हा गादीवर होता, आणि त्याला बाजूला सारून चोल-खानाने त्याच्याच वाड्यात मुक्काम ठोकला. लोक तक्रार घेऊन येत आणि अलेक्सांद्र त्यांना सबुरीचा सल्ला देत असे, कारण वडिलांचे काय झाले हे तो विसरलेला नव्हता. 15 ऑगस्टला सकाळी बाजार भरू लागला होता. द्युद्को नावाचा एक डीकन, म्हणजे चर्चमधला कनिष्ठ सेवक, आपली घोडी पाणी पाजायला व्होल्गेवर घेऊन निघाला. इतिवृत्तकाराने त्या घोडीचे वर्णन 'तरुण आणि अतिशय धष्टपुष्ट' असे केले आहे, आणि राजांच्या मृत्यूंनी भरलेल्या त्या पानावर एका जनावराच्या तब्येतीची नोंद घ्यावीशी वाटणारा हा लेखक मला मनापासून आवडतो. चोल-खानाच्या काही तातार माणसांनी ती घोडी हिसकावली. द्युद्को ओरडला, 'त्वेरच्या माणसांनो, मला सोडू नका!' लोक धावले, तातारांनी तलवारी उपसल्या, चर्चच्या घंटा वाजू लागल्या आणि नगरसभेसाठी जमावे तसे सारे शहर जमले. दिवस संपेपर्यंत चोल-खान आणि त्याची माणसे मारली गेली होती. वाचले ते केवळ गावाबाहेर कुरणात घोडे चारणारे राखणदार. त्यांनी कळपातले उत्तम घोडे पकडले आणि मॉस्कोमार्गे ती बातमी टोळीपर्यंत पोचवली.

या प्रसंगाचे मोल असे, की उठाव राजाने केला नाही. सबुरी राखणाऱ्या राजाला डावलून बाजारात जमलेल्या माणसांनी तो केला. त्याची किंमत मात्र सर्वांनी मोजली. मॉस्कोचा इव्हान कलिता खानाकडे गेला आणि इतिवृत्तांच्या आकड्यानुसार पन्नास हजारांचे सैन्य घेऊन त्वेरवर परतला. अलेक्सांद्र प्स्कोव्हला पळाला, त्वेर जळाले, आणि थोड्याच काळात व्लादिमीरचे महाराजपद व त्याबरोबर येणारी खंडणी-वसुली मॉस्कोच्या हाती गेली. 1339 मध्ये अलेक्सांद्रला त्याच्या मुलासह टोळीत ठार करण्यात आले. त्यानंतर कलिताने त्वेरच्या तारणहाराच्या मंदिरातली घंटा उतरवून मॉस्कोला नेली. ज्या शहराने घंटानादावर उठाव केला, त्याची घंटाच काढून नेणे ही शिक्षा फार विचारपूर्वक दिलेली आहे.

इथे जुन्नरचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. द्युद्कोनंतर सुमारे 140 वर्षांनी, त्वेरच्याच दुसऱ्या एका माणसाचा घोडा आपल्या जुन्नरमध्ये तिथला अधिकारी असदखान याने हिसकावला. धर्म बदल, तर घोडा परत देतो, असे त्याने निकितीनला बजावले. त्या वेळी 'मला सोडू नका' म्हणून हाक मारायला आजूबाजूला एकही त्वेरकर नव्हता. खोजा मुहम्मद खोरासानी नावाचा एक परका माणूस मध्ये पडला आणि घोडा सुटला. हे घडले ते तारणहाराच्या सणाच्या आदल्या दिवशी, अशी नोंद निकितीन आवर्जून करतो. सोनेरी घुमटाचे आपल्या गावचे मंदिर त्याला त्या दिवशी आठवले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घरी मात्र तो पोचला नाही. तेव्हा लिथुआनियाच्या ताब्यात असलेल्या स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. टिपणे 1475 मध्ये पोचली ती मॉस्कोच्या दरबारी लेखकाकडे, वासिली मामिरेवकडे. दहा वर्षांनी, 1485 मध्ये, तिसऱ्या इव्हानच्या सैन्याने त्वेरला वेढा घातला, मिखाईल बोरिसोविच लिथुआनियाला पळाला आणि ज्या महाराजांचा निरोप घेऊन निकितीन निघाला होता, त्यांचे राज्यच संपले.

अध्यक्षांनी वेळेची आठवण करून दिली आहे, म्हणून जाहीर केलेला विषय आता मला भराभर मांडावा लागेल.

त्वेर हे नाक्यावरचे शहर आहे. व्होल्गा खाली कॅस्पियन समुद्राकडे जाते. डावीकडून येऊन मिळणारी त्वेर्त्सा उत्तरेला नोवगोरोदच्या वाटेला लावते. व्होल्गेच्या वरच्या अंगाने लिथुआनियाच्या बाजूला जाता येते. उजव्या काठावर लहानशी त्माका जिथे व्होल्गेला मिळते, त्या कोपऱ्यात जुना किल्ला होता. धान्य, मीठ, मेण आणि कातडी या वाटांनी ये-जा करत, म्हणून राज्य गेले तरी शहर उरले. मात्र ज्या वाटेने व्यापार येतो त्याच वाटेने सैन्यही येते. 1569 च्या हिवाळ्यात मॉस्कोचा झार चौथा इव्हान नोवगोरोदवर जाताना त्वेरवरूनच गेला. त्याच्या माणसांनी शहरात कत्तल केली, आणि त्वेर्त्साच्या मुखावरील ओत्रोच मठात कैदेत असलेल्या मेट्रोपॉलिटन, म्हणजे चर्चचा प्रमुख धर्मगुरू राहिलेल्या, फिलिपला इव्हानचा हस्तक माल्युता स्कुरातोवने गळा दाबून मारले.

अठराव्या शतकात झार पीटरने विश्नी वोलोच्योकजवळ कालवा खणून त्वेर्त्साला बाल्टिककडे वाहणाऱ्या नद्यांशी जोडले. पीटर्सबर्गचे धान्य त्वेरवरून जाऊ लागले. येथून पुढे घोडे बार्जेस, म्हणजे मालवाहू नावा, प्रवाहाविरुद्ध ओढत नेत. 1763 च्या आगीत लाकडी शहर जळाले, तेव्हा दुसऱ्या कॅथरीनने पैसा दिला आणि प्योत्र निकितीन या वास्तुरचनाकाराने, ज्याचे आडनाव योगायोगाने तेच आहे, एका चौकातून फुटणारे तीन सरळ रस्ते आखून दगडी त्वेर उभारले. तेथे बांधलेल्या राजवाड्यात 1811 मध्ये इतिहासकार करामझिनने झार पहिल्या अलेक्झांडरला आपल्या इतिहासातील भाग वाचून दाखवले. निकितीनची विसरलेली टिपणे मठाच्या ग्रंथालयात शोधून काढणारा करामझिन तोच. पुढे रिबिन्स्कवरून जाणारा दुसरा जलमार्ग सोयीचा ठरला, 1851 मध्ये मॉस्को-पीटर्सबर्ग रेल्वे सुरू झाली, आणि बार्जेसची वर्दळ ओसरून कापडगिरण्या आल्या.

विसाव्या शतकात 1931 पासून 1990 पर्यंत शहराला कालिनीन हे नाव होते. 1935 मध्ये तारणहाराचे मंदिर स्फोटकांनी उडवण्यात आले. आता त्याच जागी ते पुन्हा बांधले आहे. ओत्रोच मठाची बहुतेक वास्तू पाडून तेथे जलवाहतुकीचे स्थानक उभारले गेले. 1955 मध्ये डाव्या काठावर निकितीनचा पुतळा बसवला. तो ज्या नावेवर उभा आहे तिच्या पुढच्या टोकावर घोड्याचे डोके आहे. त्याचा एक शिल्पकार सेर्गेई ओर्लोव्ह मॉस्कोचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या युरी दोल्गोरुकीच्या मॉस्कोतल्या पुतळ्याचाही कर्ता होता.

शेवटचा मुद्दा नदीचाच आहे. मॉस्को व्होल्गेवर नाही. परंतु 1937 मध्ये दुब्नाजवळ धरण बांधून आणि कालवा काढून व्होल्गेचे पाणी मॉस्कोकडे वळवण्यात आले. त्या जलाशयाचा फुगवटा मागे थेट त्वेरपर्यंत पोचतो. त्याखालच्या उग्लिच धरणामुळे काल्याझिनचा मठही गेला, जिथे निकितीनने प्रवासातला आपला पहिला मुक्काम केला आणि मठाधिपती मकारीचा आशीर्वाद घेतला. आज कुणी त्वेरहून त्याच वाटेने नाव घेऊन निघाले, तर त्याला आधी दुब्नाच्या जलपाशातून, म्हणजे नावेला एका पाणीपातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारबंद कप्प्यातून, आणि मग उग्लिचच्या जलपाशातून जावे लागते.