शीटमधून शेकडो ई-मेल: आधी नोंद, मग वेळापत्रक

नमस्कार. एखाद्या वाचनालयाला वार्षिक सभेची सूचना अडीचशे सभासदांना ई-मेलने पाठवायची आहे, पत्ते गूगल शीटमध्ये आहेत आणि पाठवण्याचे काम ॲप्स स्क्रिप्टवर (गूगलच्या सेवांमधली कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर) सोपवले आहे, असे समजू. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला 100 पत्त्यांवरच मेल पाठवता येतो आणि त्यात सीसी-बीसीसीमधले पत्तेही मोजले जातात. शिवाय स्क्रिप्टची कोणतीही एक फेरी 6 मिनिटांनंतर थांबवली जाते. काम तीन दिवस चालणार आणि मध्येच तुटू शकते, हे गृहीत धरूनच स्क्रिप्ट लिहावी लागते.

त्यासाठी पत्त्याशेजारी ‘स्थिती’ आणि ‘वेळ’ असे दोन रकाने ठेवावेत. मेल पाठवण्यापूर्वी त्या ओळीत ‘पाठवत आहे’ असे लिहून लगेच फ्लश करावे, म्हणजे तो बदल शीटमध्ये तत्काळ लिहायला लावावा, मग मेल पाठवावा आणि त्यानंतर ‘पाठवला’ असे लिहून पुन्हा फ्लश करावे. फ्लश करायचे कारण असे, की शीटमधले बदल साठवून एकदम लिहिले जाऊ शकतात. त्याआधीच स्क्रिप्ट बंद पडली, तर मेल गेलेला असूनही रकाना कोरा राहतो आणि पुढच्या फेरीत त्याच सभासदाला तीच सूचना दुसऱ्यांदा जाते. ‘पाठवत आहे’वर अडकलेली ओळ मात्र स्क्रिप्टने आपणहून पुन्हा घेऊ नये, सेंट फोल्डर पाहून निर्णय माणसानेच करावा. सगळे मेल गेल्यावर शेवटी एकदाच नोंद करणारी स्क्रिप्ट वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंद पक्की झाली, की वेळापत्रक सोपे होते. रोज सकाळी 9चा ट्रिगर (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) लावल्यास तो 9 ते 10च्या दरम्यान केव्हाही चालतो, त्यामुळे मिनिटाच्या हिशेबाने काही ठरवू नये. प्रकल्पाचा टाइम झोन भारताचा आहे ना, तेही तपासावे. फेरीच्या सुरुवातीला दिवसाचा उरलेला कोटा विचारून तेवढ्याच कोऱ्या ओळी घ्याव्यात, आणि दोन फेऱ्या एकाच वेळी चालू नयेत म्हणून लॉक लावावे. कोरी ओळ उरली नाही, की ट्रिगर काढून टाकावा.

‘पाठवला’ या नोंदीचा अर्थ स्क्रिप्टने मेल गूगलच्या हवाली केला, एवढाच आहे. पत्ता चुकीचा असल्यास मेल परत आल्याचा निरोप नंतर इनबॉक्समध्ये येतो, शीटमध्ये तो आपोआप उतरत नाही. म्हणून दर फेरीनंतर इनबॉक्स पाहून त्या ओळीत ‘परत आला’ असे हाताने लिहावे आणि त्या सभासदाला सूचना टपालाने पाठवावी.