पाड्यावरची शाळा: नकाशात आधी पाळणाघर

डहाणू-तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावर प्राथमिक शाळा बांधायची असेल, तर नकाशात पहिली खोली पाळणाघराची काढा. वर्ग नंतर. आई आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेली की धाकटं भावंड आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर येतं आणि तिची शाळा तिथेच संपते. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती ही अडचण ओळखूनच. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात नेली. आपण आजही पटनोंदणीच्या फेऱ्या काढतो आणि भावंडाचं काय, हे विचारत नाही.

पाळणाघराला दहा बाय बारा फुटांची खोली पुरते. झोळ्यांसाठी आढ्याला कड्या हव्यात आणि सहा-सात बाळांमागे पाड्यावरचीच एक बाई. वर्ग आणि पाळणाघर यांच्यामध्ये अर्धी भिंत ठेवा, फार तर अडीच फुटांची. पाळणाघर आवाराच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं, तर बाळ रडलं की बहीण उठून जाते आणि तो तास बुडतो. अर्ध्या भिंतीमुळे वर्गात थोडा गलका येईल. तो चालवून घ्यावा.

आता वर्ग. तीस मुलं जमिनीवर गटागटानं बसणार, म्हणजे वीस बाय वीस फूट लागतील. खिडकीचा कट्टा ठेकेदार सवयीनं तीन फुटांवर घेतो. जमिनीवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाची नजर पावणेदोन फुटांच्या आसपास असते, त्यामुळे त्याला नुसतं आभाळ दिसतं. कट्टा दीड फुटांवर घ्या, गज उभे आणि चार इंचांहून कमी अंतरावर. फळ्याची खालची कडही दीड फुटांवरच, म्हणजे पोरांचा हात पोचेल. छप्पर कौलारू असावं. पत्रा घातलात, तर आषाढात बाईंचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही जाणार नाही. पत्र्यावाचून गत्यंतर नसेल, तर खाली हातभर पोकळी सोडून बांबूच्या चटईचं छत टाका.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ धरतात. पण ते ताट पडतं दुपारी, आणि पाड्यावरची बरीच मुलं सकाळी कोऱ्या चहावर आलेली असतात. पहिल्या तासालाच उसळ किंवा नाचणीची आंबील द्या. खर्च फार नाही. चूल लवकर पेटवायला माणूस लागतो, आणि घोडं तिथेच अडतं.

पहिलीच्या वर्गात वारली बोलणारी मदतनीस निदान दिवाळीपर्यंत हवीच. दिवाळीनंतर मात्र निम्मा पट आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातो. गैरहजेरी मांडत बसण्यापेक्षा भट्टी कुठली, तालुका कुठला, हे आधीच घरोघर विचारून लिहून ठेवा, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या आणि तिथल्या जवळच्या शाळेला कळवा. मागे राहणाऱ्या मुलांसाठी पाड्यावरच हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते, पण त्याचा प्रस्ताव पावसाळ्यातच गेला पाहिजे. दिवाळीत कागद हलवायला घेतलात, तर मंजुरी येईपर्यंत घरांना कुलपं लागलेली असतात.