हार्नेसमधून बूस्टरमध्ये जाण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

मूल चार वर्षांचं झालं की घरात एक विषय हमखास निघतो. "आता याला ही एवढी मोठी कार सीट कशाला? बूस्टर घेऊन टाकू या." मुलाचे पाय पुढच्या सीटला लागायला लागलेले असतात. पट्टे आवळताना रोजची कटकट असते. त्यात त्याच्याच वयाच्या मैत्रिणीला बूस्टर मिळालेलं असतं, मग काय, "मला पण" सुरू होतं. आज मी याच टप्प्याबद्दल, म्हणजे सीटच्याच पट्ट्यांतून (हार्नेसमधून) बूस्टर नावाच्या उंच बैठकीवर जाण्याबद्दल, बोलणार आहे आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. हार्नेस जोवर मुलाला नीट बसतोय, तोवर तो बदलू नका. मूल मोठं झाल्याचं बक्षीस म्हणून बूस्टर देऊ नये. या बदलात मुलाला मिळणारं संरक्षण थोडं कमी होतं आणि नीट बसण्याची जबाबदारी मात्र त्याच्याच अंगावर येते.

असं का, ते बघू. हार्नेस म्हणजे सीटचेच पाच ठिकाणी अडकवलेले पट्टे: दोन खांद्यांवर, दोन कमरेशी आणि एक पायांमधून. समजा, गाडी ताशी 50 किलोमीटरने जाताना आदळली. सगळं थांबायला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग लागतो. तेवढ्यात 18 किलोच्या मुलाला पट्ट्यांनी जो जोर झेलायचा असतो, तो ढोबळ हिशेबाने अडीचशे किलोच्या ओझ्याएवढा भरतो. हातात घट्ट धरलेलं मूल का निसटतं, हेही त्यावरून कळेल. हा जोर हार्नेस दोन्ही खांद्यांवर आणि कमरेच्या हाडांवर वाटून देतो आणि मुलाला सीटच्या कवचात धरून ठेवतो.

बूस्टर यातलं काहीच करत नाही. मुलाला धरतो तो गाडीचा पट्टा. बूस्टर मुलाला फक्त उंच करतं, म्हणजे मोठ्यांसाठी बनवलेला तो पट्टा त्याच्या अंगावर योग्य जागी येतो. कमर आणि खांदा दोन्ही धरणारा हा तीन टोकांचा पट्टा व्होल्व्होचे अभियंते निल्स बोहलिन यांनी 1959 मध्ये आणला. असंख्य जीव त्याने वाचवले आहेत, पण तो बेतलेला आहे मोठ्या माणसाच्या अंगावर. साधारण 145 ते 150 सेंटिमीटर उंची होईपर्यंत तो मुलाच्या पोटावर चढतो आणि गळ्याला घासतो.

पोटावर पट्टा चढला तर काय होतं, हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण याची कल्पना फार थोड्या पालकांना असते. तुमच्या कमरेच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे बोटं टेकवून पाहा, हाडाची दोन टोकं लागतील. धक्का बसला की पट्टा या टोकांखाली अडकून राहतो, वर सरकत नाही. लहान मुलांच्या हाडांची ही टोकं पुरेशी वाढलेली नसतात. पट्टा आधीच सैल किंवा उंच असला, मूल घसरून बसलेलं असलं, तर तो त्यावरून सटकून थेट मऊ पोटात रुततो. आतडी फाटतात, कण्याच्या खालच्या मणक्यांना इजा होते. डॉक्टरांना ही दुखापत इतकी ओळखीची आहे की अपघातानंतर मुलाच्या पोटावर पट्ट्याचा आडवा वळ दिसला, की आत काही झालंय का ते तपासलंच जातं.

म्हणून बूस्टरमध्ये बसवलं की पहिली नजर कमरेच्या पट्ट्याकडे. तो पोटावर नको, अगदी खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे टेकलेला हवा. बूस्टरच्या हात टेकायच्या कडांखालून किंवा खुणा केलेल्या खाचांतून पट्टा नेलेला असतो, तो याचसाठी. मग खांदा. पट्टा मान आणि दंड यांच्या मध्यावरून छातीवर उतरायला हवा. मानेला लागला की मूल तो काखेखालून घेतं किंवा पाठीमागे टाकतं. तसं झालं की वरचं अंग मोकळं सुटलं आणि सगळा भार कमरेवर, म्हणजे पुन्हा पोटावर आला. जाड जाकीट असेल तर पट्टा लावायच्या आधी काढा. अपघातात ते दबतं आणि तेवढा पट्टा सैल पडतो. हे हार्नेसलाही लागू आहे.

आता, वेळ झाली हे ओळखायचं कसं? वय हा सगळ्यात कच्चा निकष. आपल्या सीटची पुस्तिका काढा आणि तिच्यातली हार्नेसची वजनाची आणि उंचीची मर्यादा बघा. काही सीटना ती 18 किलो असते, काहींना 29-30 किलोपर्यंत. त्यामुळे एकाच वयाची दोन मुलं, एकाची वेळ झालेली आणि दुसऱ्याला अजून दोन वर्षं अवकाश, हे अगदी शक्य आहे. पुढे तोंड करून बसणाऱ्या मुलाच्या खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा थोडे वरून यायला हवेत. सगळ्यात वरच्या खाचेत घालूनही ते खांद्याच्या खालून येत असतील, किंवा कानांची वरची कड कवचाच्या वर जायला लागली असेल, तर सीट लहान झाली. पाय पुढच्या सीटला लागतात, गुडघे दुमडावे लागतात, हे मात्र कारण नव्हे. मुलांना मांडी घालून बसायला काहीही अडचण नसते.

मर्यादा संपत आल्यावर दुसरी परीक्षा वागण्याची, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच असते. हार्नेसमध्ये मुलाने कितीही चुळबुळ केली तरी पट्टे त्याला जागेवर ठेवतात. गाडीचा पट्टा एरवी सैल सुटतो आणि झटका बसला तरच अडकतो. खाली पडलेलं खेळणं उचलायला मूल वाकलं, तर पट्टाही त्याच्याबरोबर वाकतो. नेमकं त्याच क्षणी ब्रेक लागला तर? मुलाने पूर्ण प्रवासभर पाठ टेकून सरळ बसायला हवं. कंटाळलेलं असताना, भावंडाशी भांडताना, घरी परतताना थकलेलं असतानाही. चार वर्षांच्या बहुतेक मुलांकडून ही अपेक्षा करणं मला रास्त वाटत नाही. पाच-सहाच्या पुढे ते जमू लागतं, आणि तेही प्रत्येकाला आपापल्या वेळी.

आणि झोप. जागं असताना शहाण्यासारखं बसणारं मूल पेंगायला लागलं की आरशात बघा. आधी हनुवटी छातीवर येते, मग डोकं दाराकडे कलतं, खांदा पट्ट्यातून निसटतो, कंबर पुढे घसरते आणि कमरेचा पट्टा हळूहळू पोटावर येतो. गाडीत झोपणाऱ्या मुलासाठी हार्नेसच बरा. बूस्टर घ्यायचंच झालं तर उंच पाठीचं घ्या. त्याला डोक्याच्या दोन्ही बाजूंना आधार असतो आणि खांद्याचा पट्टा योग्य जागी ठेवणारी खाच असते. मुलांच्या सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर 129 या नियमातही पाठीचं बूस्टर 100 सेंटिमीटर उंचीपासून चालतं, बिनपाठीचं 125 पासूनच. बिनपाठीचं स्वस्त, हलकं, पिशवीत मावणारं असतं, हे खरं. म्हणून ते लवकर घेतलं जातं आणि म्हणूनच त्याबद्दल मी थोडी जास्त धास्तावते.

काही सीटचा हार्नेस काढला की त्यांचंच बूस्टर होतं. अशी सीट असेल तर बदल करताना पुस्तिका पुन्हा वाचा, कारण पट्टा नेण्याची वाट बदलते. पहिले काही दिवस जवळच्या फेऱ्यांना बूस्टर वापरा आणि लांबच्या प्रवासाला हार्नेस. पट्टा पाठीमागे गेलेला दिसला तर गाडी बाजूला घ्या, नीट करा आणि मगच निघा. रागवायचं काही कारण नाही. मूल अजून तयार नाही, एवढंच कळलं, आणि हार्नेस घरात असल्याने परत लावता येतो. जुनी सीट लगेच कुणाला देऊन टाकू नका, ती याचसाठी.

ज्या जागी फक्त कमरेचा पट्टा आहे, तिथे बूस्टर अजिबात वापरायचं नाही. अशा जागी वरचं अंग आणि डोकं थेट पुढे फेकलं जातं. आणि जागा मागचीच, मुलाने बूस्टर सोडल्यानंतरही बारा-तेरा वर्षांपर्यंत.

बूस्टरमधलं मूल बकल स्वतः लावायला शिकतं, त्याला त्याचं मोठं कौतुक असतं. लावू द्या, पण निघण्याआधी मोठ्या माणसाने हात घालून पाहायचं. बूस्टरच्या कडेखाली बकल दबून अर्धवट लागलेलं असतं, असं बरेचदा होतं. आजी-आजोबांच्या किंवा मित्राच्या गाडीत जाणार असेल, तर "पट्टा मानेला लागतोय" असं मोठ्याने सांगायला त्याला आधीच शिकवा, आणि गाडी चालवणाऱ्यालाही पट्टा कुठे टेकायला हवा ते दाखवून ठेवा. मूल गाडीत नसेल तेव्हा रिकामं बूस्टर पट्ट्यात अडकवून ठेवायचं. गाडीला न जोडलेलं बूस्टर अपघातात उडून पुढच्यांच्या डोक्यावर येऊ शकतं.

नमस्कार.